घरातली हवा मोजणाऱ्या मेश्रामबाई

मेश्रामबाई बाजेवर उभ्या राहून वाशाला दोरी बांधत होत्या. "बाज धरा, मराठीचे सर," खाली न पाहता त्या म्हणाल्या. "मी पडले तर अहवाल तुम्हालाच लिहावा लागेल." आमची खरी ओळख अशी झाली.

नागपूरच्या एकाच महाविद्यालयात त्या भौतिकशास्त्र शिकवत, मी मराठी. पारशिवनीच्या पुढे, डोंगरउतारावरच्या एका गावात घराघरांतला रेडॉन मोजायचे काम त्यांनी हाती घेतले होते. हा वायू खडकातून निघतो, जमिनीच्या भेगांतून घरात शिरतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही. कोंडलेल्या घरात साचून वर्षानुवर्षे श्वासात गेला, तर फुप्फुसांना अपाय करतो. हे गावाला कळेल असे लिहायला त्यांनी मला सोबत घेतले. माझा पहिला मसुदा त्यांनी परत केला. "यात घाबरवणं जास्त आहे, सांगणं कमी."

घरात फिल्मचा तुकडा बसवलेली प्लॅस्टिकची डबी तीन महिने टांगायची; मग रेडॉनमुळे त्यावर उमटलेल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. बाई स्वतः मोजत. शंका आली की पुन्हा मोजत. निकाल टपालाने पाठवणे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक घरी जाऊन, ओसरीवर बसून त्या तो सांगत.

बहुतेक घरांत काळजीचे कारण नव्हते. कौशल्याबाईंच्या घरचा आकडा मात्र फार वर गेला होता. चौकशीत कळले, की आम्ही माजघरात टांगलेली डबी त्यांनी मागच्या खोलीत नेली होती.

"दवाईची डबी नं ते? सूनबाईचे दिवस भरत आले, म्हनून बाळंतिणीच्या खोलीत टांगली."

"ते दवाई नोहे, माय. थर्मामीटर समजा. ताप सांगते, उतरवत नाही."

खोली डोंगराला टेकलेली, बिनखिडकीची, फरशीला भेगा. सून आणि तान्हे बाळ सव्वा महिना तिथेच राहणार होते. बाईंनी खिडकी सुचवताच कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"माहं पयलं लेकरू वाऱ्यानंच गेलं. तुमचा वायू कोन पाह्यला?"

बाईंनी वाद घातला नाही. बाज कुठे टाकणार ते विचारले, त्या जागी जमिनीवर बसल्या आणि उदबत्ती लावली. धूर जागचा हलेना. तासाभराने कौशल्याबाई त्यांच्या शेजारी येऊन टेकल्या.

"जीव घाबरते वं इथं," त्याच म्हणाल्या.

"भेगा चुन्यानं भरा, माय. अन् छपराखाली दोन्हीकडं झरोके पाडा. वारा वरूनच निघून जाईन. बाजेवर आला, तर मी सोता येऊन बुजवीन."

"लिहून द्या."

बाईंनी लिहून दिले. मजकूर मला विचारला नाही. कौशल्याबाईंनी मुलाकडून तो दोनदा वाचून घेतला आणि कनवटीला खोचला. त्या रात्री आम्ही गावातल्या शाळेत मुक्काम केला.

आता बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. अजून पुष्कळ ओसऱ्यांवर त्यांना बसायचे आहे. त्याला पुरेल एवढे आयुष्य, आणि डोंगर चढताना साथ देतील असे गुडघे त्यांना लाभावेत, ही महाविद्यालयातल्या आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.

त्या मुक्कामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी कौशल्याबाईंच्या मुलाने पहार घेतली आणि भिंतीला पहिले भोक पाडायला सुरुवात केली. कौशल्याबाई खाली उभ्या राहून सांगत होत्या, "अजून वर घे गा. अजून वर."