मामाच्या पाटीतला आवाज

सायकली दुरुस्त करणाऱ्या माझ्या मामाचा स्वतःच्या कानांवर फार विश्वास. गिऱ्हाईक वळणावर दिसलं की हा दुकानात बसूनच सांगायचा, "चेन सैल आहे," नाहीतर "मागचं बेअरिंग गेलं." बहुतेक वेळा ते खरं निघायचं, त्यामुळे त्याला बोलायची सोय नव्हती.

मग पोस्टमनची सायकल त्याच्या मानगुटीवर बसली. दुकानासमोर उभी केली की सुरू व्हायचं, "ची-चू, ची-चू."

"पण मिस्त्री, रस्त्यावर नाही हो वाजत," पोस्टमन म्हणाला.

"दुखणं डॉक्टरसमोरच दिसतं," असं म्हणून मामाने चाक सोडवलं.

चार दिवसांत त्याने ती सायकल चार वेळा उघडली. पॅडल, ब्रेक, सीटची स्प्रिंग, शेवटी घंटीसुद्धा. पोस्टमन बिचारा पायी पत्रं वाटत फिरत होता. सगळी सायकल सुटी होऊन फडक्यावर पसरलेली असतानाही ची-चू चालूच होतं, तरी ह्या माणसाला शंका येऊ नये? उलट चौथ्या दिवशी चारचौघांत बोलून बसला, "उद्यापर्यंत आवाज सापडला नाही, तर दुकानाची पाटी उतरवीन."

तीस वर्षांची पाटी होती ती. घरी तो ताटावरून अर्ध्यातच उठला. एरवी मी त्याला हसतो, पण तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

पाचव्या दिवशीही आवाज सापडला नाही. मामाने शिडी लावली. पाटी एका लोखंडी नळीला टांगलेली होती. नळीच्या उघड्या तोंडाशी पाना नेला, तशी आतून जोरात फुस्स झालं. मामा निम्म्या पायऱ्या गाळून खाली आला.

"साप आहे आत."

मामी विणकाम हातात घेऊनच बाहेर आली. "साप कसला? वल्गुली आहे. मादी अंड्यांवर बसली की अशीच फुसफुसते. नर तो बघा, तारेवर."

चिमणीएवढा पक्षी. काळं डोकं, पांढरे गाल, पोटावर टाय लावल्यासारखी काळी पट्टी. आमच्याकडे बघत त्याने चोच उघडली. ची-चू, ची-चू.

"मागच्या रानात झाडाची ढोली मिळाली नसेल, म्हणून नळीत शिरले," मामी म्हणाली. "हा दिवसभर आपली हद्द सांगत असतो."

"तुला कधीपासून माहीत?"

"पंधरा दिवस."

"मग बोलली का नाहीस?"

"तीनदा आले होते सांगायला. तुम्ही म्हणालात, गप्प बस, मी ऐकतोय."

आवाज सापडला, पाटी वाचली. पिल्लं उडेपर्यंत मामाने ठोकाठोकीची सगळी कामं मागच्या अंगणात नेली आणि नळीखालून जाताना तो चपला हातात घ्यायचा. मग एका सकाळी नळी रिकामी दिसली. दुकान सुनं झालं. मामा आठवडाभर उगाच वर बघत बसायचा.

त्यानंतर पोस्टमन आला. "मिस्त्री, आता मात्र रस्त्यावरही वाजतेय."

खरंच वाजत होती. मामाने तेलाची बाटली उचलली. एवढ्यात मागच्या रानातून उत्तर आलं, ची-चू, ची-चू.

मामाने बाटली खाली ठेवली.

"दोन दिवस राहू द्या," तो म्हणाला. "बोलणं चाललंय त्यांचं."