गाडी उभ्या उभ्या रेस का होते, ते आज कळलं

मंडळी, आमची जुनी गाडी मधूनच आपोआप रेस होते, हे मी इथं मागं लिहिलं व्हतं. तुमी केबल बघायला लावली, कार्बोरेटर साफ करायला लावला. मिस्त्री दर वेळी आयडलिंग, म्हंजे उभ्या गाडीच्या इंजिनाचा वेग, कमी करून द्यायचा. काही दिवस बरं, की पुन्हा तेच.

आज सकाळी आईला ओझरला दर्शनाला नेलं. पार्किंगमध्ये क्लच सोडला तर गाडीनं अशी उडी मारली, की हारवाली बाई टोपली टाकून पळाली. थोडक्यात वाचली.

घरी येऊन चहा घेतला, बाहेर आलो तर काल मुक्कामाला आलेले आमचे दाजी बॉनेट उघडून आयडलिंगचा स्क्रू पिळतायत! ज्या माणसाला सायकलची चेन बसवता येत नाय, तो!

"काल वाढवला व्हता, पण अजून दम वाटंना," म्हणाले. "दर वेळी मीच बघतो, म्हणून चालती तुमची गाडी."

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई कानाशी आली. "जावई हायेत, गप बस. तू दुसरी गाडी बघ."

सांगा राव, दुसरीला काय बॉनेट नसतं?