दारात आधी आलेला वाटा

आधी त्या अक्कांचं सांगतो. नाव लिहीत नाही, या हकिकतीत कोणाचंच लिहिणार नाही. पण पोलीस खात्यात मी टिकलो, सहायक उपनिरीक्षक होऊन नीटपणे निवृत्त झालो, त्यामागे बंगळूरच्या दक्षिणेला जंगलाच्या कडेच्या एका गावातल्या बाईचे उपकार आहेत. ते अजून माझ्या अंगावर आहेत, म्हणून त्यांना पहिला नमस्कार. बाकी ती घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. कार्तिक महिना आला, सकाळी धुकं दिसलं, की आपोआप तो सोमवार आठवतो.

मी सीमाभागातला. सातवीनंतर शाळा सुटली. घरापासून इतक्या लांब पोलिसात भरती झालो ती पोटासाठी. माझं कन्नड धारवाडी वळणाचं, त्यामुळे बंगळूरचे सहकारी हसायचे, आणि लिहिताना शब्द अडायचे. नव्वदच्या दशकात हेड कॉन्स्टेबल झालो तरी भीती गेली नव्हती. बसवनगुडीत भाड्याची खोली होती. सकाळी जयनगरवरून बसने शहराबाहेरच्या ठाण्यावर जायचो आणि वाटेत आदल्या दिवशी लिहिलेला पंचनामा मनात पुन्हा पुन्हा वाचायचो. कुठे चूक राहिली असेल, साहेब कशावरून बोलतील, हेच डोक्यात.

आमच्या हद्दीतल्या गावांना रानडुकरांचा फार त्रास होता. नाचणी कापणीला आली की कळप जंगलातून उतरायचे. खायचे थोडं, तुडवायचे फार. रताळ्याचं शेत तर नांगरल्यासारखं उलटून टाकायचे. लोक मचाणावर बसायचे, डबे वाजवायचे, फटाके लावायचे. डुकरं आठवडाभर बिचकायची, मग त्यांना सवय व्हायची. रानडुकराला मारायला कायद्याने बंदी. वनखात्याकडे अर्ज गेले होते आणि तिथेच राहिले होते. मग काही गावांनी एक भटका फासेवाला बोलावला. जाळी आणि कुत्री घेऊन डुकरं धरणारा माणूस. या गावाच्या बाहेर, नीलगिरीच्या झाडांच्या कडेला, ताडपत्रीखाली तो बायकोबरोबर राहत होता.

त्या सोमवारी सकाळी गावातून निरोप आला, की नीलगिरीत एक माणूस मरून पडलाय. गावातलाच शेतकरी, ऐन उमेदीतला. मी साहेबांबरोबर गेलो. प्रेत फासेवाल्याच्या ताडपत्रीपासून हाकेच्या अंतरावर होतं. उजव्या तळहातावर काळा चट्टा. पंचांसमक्ष पंचनामा केला, अनैसर्गिक मृत्यूची नोंद केली, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, विजेचा धक्का.

ताडपत्रीखाली तारेचं वेटोळं सापडलं. गावातले लोक एका सुरात म्हणाले, हा खांबावर आकडा टाकून तार सोडतो, आम्ही किती वेळा बजावलं. सगळ्यांचे शब्दसुद्धा सारखे. साहेबांनी फासेवाल्याला गाडीत घातलं.

त्या काळी ठाण्यात चौकशी कशी व्हायची ते वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्यावर लिहीत नाही. तो माणूस एकच गोष्ट सांगत राहिला: तार फाशांसाठी आहे, विजेला मी हात लावत नाही, माझी कुत्री मोकळी फिरतात, ती आधी मरतील. साहेबांना हे पटत नव्हतं. त्यांच्यावर वरून दडपण होतं, आणि पुढ्यात एक माणूस, तार आणि अख्ख्या गावाची साक्ष होती. मला म्हणाले, जबाब तू लिही, उद्या कोर्टात हजर करायचा. त्याची बायको ठाण्यासमोरच्या झाडाखाली बसून होती. रडत नव्हती. कोणी बाहेर आलं की उठून उभी राहायची, आत गेलं की बसायची.

मी कागद पुढे ओढला, पण लिहिता येईना. माझ्या मनाला एकच गोष्ट टोचत होती. प्रेताच्या पायांना लाल माती होती. नीलगिरीत माती पांढरट, भुसभुशीत. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, माणूस चालत आला असेल, पायाला माती लागणारच. बरोबर होतं.

मंगळवारी सकाळी समोरच्या हॉटेलात चहाला गेलो तर तिथे दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर बसला होता. गावोगावचं दूध गोळा करून शहरात नेणारा, बडबड्या माणूस, मला नेहमी चिडवायचा. त्या दिवशी म्हणाला, "काय हवालदार, तुमच्या त्या गावचे लोक मला म्हणतात, तुझ्या गाडीला अंड्याचा वास येतो, सोमवारी दारात उभी करू नको. आणि स्वतः काल कार्तिकातल्या सोमवारी सकाळी सकाळी घरोघर पाट्यावर मसाला वाटत होते."

मी विचारलं, कशाचा मसाला?

"हंदीचा. दुसरं काय त्या गावात?"

हंदी म्हणजे डुक्कर. तो हसला, मी हसलो नाही. त्या गावात कार्तिकातल्या सोमवारी कोणी मांसाला शिवत नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे त्या पहाटे डुक्कर मेलं होतं आणि ते दिसेनासं करायची घाई होती. फासेवाल्याने धरलं असतं तर लपवायचं कारण नव्हतं, त्यालाच तर त्यासाठी बोलावलेलं. साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत काय ते आण. नाही आणलंस तर त्याचा जबाब तूच लिहायचास."

मी सरळ मयताच्या घरी गेलो. त्या गावात जुनी मराठी घरं आहेत, कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन राहिलेली. बोलणं अर्धं कानडी, अर्धं मराठी. त्याची बायको, म्हणजेच अक्का, ओसरीवर बसल्या होत्या. मी मराठीत बोललो तशी त्यांनी मान वर केली. "अण्णा, तुम्ही आमच्यातले काय?" म्हणाल्या. मी म्हटलं, मी लांबचा, निपाणीच्याही पलीकडचा. "स्वल्प बसा," म्हणाल्या आणि आतून पाणी आणलं. दुःखाच्या घरात पोलिसाला पाणी कोण देतं?

मी त्यांना घटनेचं काही विचारलं नाही. सोमवारी सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, एवढंच विचारलं. गोठा झाडला, म्हणाल्या. धार काढली. पहाटेपासून करंट नव्हता म्हणून दिवा घेतला होता, मध्येच करंट आला. हे अंधारातच उठून रानात गेले होते, थोरल्या भावजींच्या राखणीला. थोरले म्हणजे नवऱ्याचे चुलत भाऊ, गावातले वजनदार. मग उजाडल्यावर थोरले वाटा घेऊन आले.

कसला वाटा, मी विचारलं.

तेव्हा त्या थांबल्या. मग उठून गोठ्यात गेल्या आणि माळ्यावरून पळसाच्या पानांचं पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. दोऱ्याची गाठ तशीच. वास सुटायला लागला होता. "सोमवार म्हणून घरात घेतलं नाही," म्हणाल्या. "आणि मग ती बातमी आली."

त्या गावाची रीत त्यांनी मला सांगितली. डुक्कर पडलं की थोरल्यांच्या पंपघराजवळ वाटे घालतात. ज्या घराने राखण केली त्या घरच्या पुरुषाने स्वतः जाऊन आपला वाटा उचलायचा. घरी आणून देत नाहीत, आजारी असला तरी भाऊबंदाला पाठवावं लागतं. फक्त ज्या घरात पुरुष उरलेला नाही, त्या घराचा वाटा दारात जातो, आणि तो सगळ्यात आधी. विधवेला ताटकळत ठेवू नये म्हणून.

मी विचारलं, प्रेत सापडल्याचं तुम्हाला कधी कळलं?

"उन्हं वर आल्यावर. सरपणाला गेलेल्या बायका ओरडत आल्या."

"आणि वाटा?"

त्यांनी पुडक्याकडे बघितलं. "आधी."

मग त्या एवढंच म्हणाल्या, की मी थोरल्यांना विचारलं होतं, भावजी, दारात कशाला आणलात, हे येतील की न्यायला. ते पुडकं ठेवून माझ्याकडे न बघता गेले.

हे सगळं जबाबात लिहावं लागेल, अंगठा द्यावा लागेल, मी त्यांना सांगितलं. हेही सांगितलं, की गाव तुमच्याशी नीट वागणार नाही. मला त्यांचा जबाब हवा होता, त्याच्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं, आणि तो दिल्यावर त्यांचं काय होणार ते मला दिसत होतं. अक्कांनी विचारलं, त्या फासेवाल्याची बायको अजून ठाण्यापुढे बसलीय का. मी हो म्हटलं.

"तिचा नवरा जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "तो तरी घरी जाऊ दे. लिहा अण्णा."

मी लिहिलं. आयुष्यात एवढं सावकाश कधी लिहिलं नव्हतं.

पुडकं जप्त केलं. पंपघराची झडती घेतली. तिथली माती लाल. मागे डुकराचे केस, आणि बांधालगत खुंट्या काढल्याच्या ताज्या खुणा. थोरल्यांना ठाण्यात आणलं. साहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, मी पुडकं टेबलावर ठेवलं. कोणी आवाज चढवला नाही. थोरल्यांनी त्या पानांकडे बघितलं आणि त्यांचे खांदे खाली आले.

तार गावाने मिळून लावली होती. थोरल्यांच्या पंपावरून वीज घेतलेली. नियम असा, की डुक्कर पडलेलं दिसलं तर थोरल्यांनी पंपघरात जाऊन फ्यूज काढायचा, बाहेर येऊन हाक द्यायची, मगच कोणी तारेजवळ जायचं. त्या पहाटे करंट गेलेला होता. डुक्कर तारेवर पडलेलं. करंटच नाही तर फ्यूज कशाला, असं म्हणून थोरले पंपघरात गेलेच नाहीत. धाकटा चुलत भाऊ, म्हणजे अक्कांचा नवरा, डुक्कर ओढायला पुढे झाला, एका हाताने तार धरली, आणि तेवढ्यात वीज आली.

ज्या वर्षांत आमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जायची यायची, त्या वर्षांत ही चूक कोणीही केली असती. पुढचं त्यांनी घाबरून केलं. तार गुंडाळली, प्रेत धुक्यातून नीलगिरीत नेऊन ठेवलं, कारण परका माणूस तिथेच राहत होता. डुक्कर रानात पडलेलं दिसलं तर तार उघडी पडणार, म्हणून लगेच वाटे घालून, ज्याचा त्याने उचलून नेऊन संपवायचं ठरलं.

साहेबांनी विचारलं, मग त्याच्या बायकोच्या दारात वाटा घेऊन तुम्ही स्वतः कशाला गेलात?

थोरले म्हणाले, "वाटे घातले. पहिला कोणाचा, हे हाताला माहीत आहे साहेब. उचलला आणि चालू लागलो. ती दारात आली, हसली, तेव्हा कळलं की तिला अजून ठाऊकच नाही. तिथून मागे कसा फिरणार?"

मला जबाब लिहायचा होता, पण शाई पसरली म्हणून कागद बदलावा लागला.

निष्काळजीपणाने मृत्यू आणि पुरावा नाहीसा करणं, अशी कलमं लागली. फासेवाल्याला सोडलं. तो बाहेर आला तशी बायको उठून उभी राहिली, आणि दोघं चालत गेली. संध्याकाळी मी नीलगिरीत गेलो तर ताडपत्री गुंडाळून नेलेली होती. कुत्री तेवढी वासावर इकडेतिकडे हुंगत होती, मग तीही गेली.

माझ्या सेवापुस्तकात साहेबांनी चांगला शेरा लिहिला. त्या शेऱ्याने पुढे माझी बढती झाली, मुलं शहरात शिकली. अक्कांच्या वाट्याला काय आलं? त्यांची नाचणी कापायला कोणी गेलं नाही. उभ्या पिकात डुकरं उतरली आणि राखणीला माणूस नव्हता. गावात पुढे डुक्कर पडलं असेल, वाटेही झाले असतील, त्यांच्या दारात पान आलं नाही. शेवटी त्या घर सोडून बहिणीकडे आल्या. गावाने तार पुन्हा लावली नाही असं म्हणतात. शेजारच्या गावाने लावली. वनखात्याचं उत्तर मी त्या ठाण्यात असेपर्यंत आलं नव्हतं.

या केसने मला काय शिकवलं, असं मुलं विचारतात. तेव्हापासून मी संशयिताला घटनेबद्दल शेवटी विचारायचो. आधी त्या दिवशीचं रोजचं काम विचारायचो. माणूस खोटं ठरवून बोलतो, पण हात त्याच्या सवयीने चालत राहतात. आणि दुसरं, जे मला कधी पचलं नाही: त्या प्रकरणात सापडली ती थोरल्यांच्या मनातली माया. ते निर्दय असते तर सुटले असते, आणि एक निरपराध माणूस आत गेला असता.

बऱ्याच वर्षांनी जयनगरच्या बाजारात अक्का भेटल्या. पिशवीत वांगी घेत होत्या. केस पांढरे. मी साध्या कपड्यात होतो तरी ओळखलं. मी बोलायला शब्द जुळवत होतो, त्याआधी त्यांनीच विचारलं, "अण्णा, तो माणूस त्या दिवशी घरी गेला ना?"

गेला, म्हटलं. बायकोबरोबर गेला.

"सरी, बरं झालं," म्हणाल्या, आणि वांग्यांकडे वळल्या. मी बहिणीच्या घराची गल्ली तेवढी विचारून ठेवली.

अक्का, या वर्षी माझ्या धाकटीचं लग्न आहे. पाहुणे गावाकडून येतील, मोठ्या साहेबांनाही बोलावलंय. पण जेवणाचं पान पहिलं तुमचं निघेल, आणि ते मी कोणाच्या हाती पाठवणार नाही. तेवढ्याने फिटणार नाही हे मला कळतं. जे फिटायचं ते मी जिवंत आहे तोवर कधीतरी फेडीन. सुरुवात म्हणून मी स्वतः तुमच्या दारात येईन, सगळ्यांच्या आधी.