माझ्या वाट्याची पावडर

दर्यापूरकडच्या आमच्या घरात विटाळ कडक होता. पाळीतल्या बाईनं उभ्या कपाशीत पाय ठेवायचा नाही, चार दिवस गोठ्याच्या पडवीत बसायचं. साठ सालाच्या सुमारास किडीवरची पांढरी पावडर गावात नवी नवी आली. ती मारायचं यंत्र कोणाकडे नव्हतं. पातळ फडक्यात पावडर बांधायची आणि ती पुरचुंडी झाडाझाडावर झटकत ओळीनं जायचं. हे काम बायकांचं. संध्याकाळी भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. उरलेली पावडर माय उवांसाठी आमच्याच केसांत चोळायची, एवढा तिच्यावर विश्वास.

मला त्या वासानं मळमळायचं. मी पंधरा वर्षांची आणि पक्की कामचुकार. पावडरीचा दिवस आला की सांगून टाकायची, "माय, मी बाहेर बसली." मग माझ्या वाट्याच्या ओळी वहिनीकडे जायच्या.

वहिनी दादाशी लग्न होऊन आली, त्याच्या दुसऱ्या हंगामात तिची पाळी थांबली. मायनं हौसेनं लाडू वळले. तीन महिन्यांनी कळलं, पोटात काहीच नाही. पाळी मात्र परतली नाही. हनुवटीवर राठ केस उगवले, ते ती आरशाशी बसून उपटायची.

आता तर तिला पडवीतले चार दिवसही मिळेनात. माय शेजारणीला सांगायची, "आमच्या सुनेले विटाळच नाई, कामाले बरी." आणि त्याच तोंडानं तिला वांझ म्हणायची. मला अजून संताप येतो. पण तो फार वेळ टिकत नाही, कारण मी कुठे वेगळी होते?

अकोल्याला जठारपेठेत एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी खाणं विचारलं, झोप विचारली. पावडरीचं त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पावडरीनंच झालं, असं मी छातीठोक आजही म्हणणार नाही. पण अशा औषधांनी बाईच्या अंगातला कारभार बिघडू शकतो, हे पुष्कळ वर्षांनी वाचलं, तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

दादाला दुसरी बायको करायचं ठरलं आणि वहिनी मूर्तिजापूरला माहेरी निघाली. तिची पेटी घेऊन मी एसटीपर्यंत गेले. तिथे मला रडू आवरेना.

"वयनी, मी खोटं सांगत होती. मी बाहेर नोती बसत."

"मले मालूम होतं. महिन्यातून तीनदा कोन बसते, बाई?"

"मग मायले सांगतलं काहून नाई?"

तिनं पदरानं माझं नाक पुसलं. "तुले तो वास सहन नोता होत. माहं तं बंदच झालं होतं. म्हटलं, तुहं काहून बिघडवू?"

ती एसटीत चढली. पेटी माझ्याच हातात राहिली होती, ती खिडकीतून आत दिली.

मला पुढं तीन लेकरं झाली.