तुमच्या देशात उपलब्ध नसलेले स्तोत्र

माझ्या पत्नीला पक्षाघात झाला तेव्हा तिचे शब्द गेले, सूर मात्र राहिला. ‘चहा’ एवढेही म्हणता येत नसे. परंतु ओळखीचे स्तोत्र कानी पडले की त्याचे बोट धरून ती अर्धा श्लोक चालत असे. वाचेवर उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, “हेच रोज करा, गुरुजी. गाण्यातून बोलणे परत येईल. आवाज मात्र बदलू नका.” तो आवाज एका वृद्ध गायकाचा होता. देवीचे स्तोत्र तो इतके संथ म्हणे की दोन चरणांच्या मध्ये निरांजनाची वात सारखी करून घ्यावी.

ते स्तोत्र आमच्या मोबाइलमध्ये होते. निदान तसा आमचा समज होता. मुलाने एका संगीत-सेवेची वर्गणी भरून दिली होती. “जगातलं सगळं संगीत आता तुमच्या खिशात,” तो म्हणाला. जगातले सगळे संगीत खिशात मावल्यावर घरात ट्रंका कशाला, या निर्दोष तर्काने मी आयुष्यभर जमवलेल्या कॅसेटी शिरूरच्या भंगारवाल्याला दिल्या. त्याने मोठ्या मनाने प्लास्टिकची एक बादली दिली.

त्या सेवेचे चातुर्य अपार होते. देवीचे ध्यान संपते न संपते तोच ती वरातीची नृत्यगीते पुढे करी आणि ‘तुम्हाला हेही आवडेल’ असे निःशंकपणे सांगे. माझ्याविषयी इतका विश्वास माझ्या सासऱ्यांनीही कधी दाखवला नव्हता. मी ते सोसले. मग श्रावणातल्या एका शुक्रवारी सकाळी स्तोत्र लावले, तर पडद्यावर करड्या अक्षरांत एक ओळ उमटली : ‘हे गाणे तुमच्या देशात उपलब्ध नाही.’

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. भाषा संस्कृत, गायक याच मातीतला, ऐकणारा शिरूरचा. मग ते उपलब्ध तरी कोणत्या देशात असेल आणि तेथे पहाटे स्नान करून कोण ऐकत असेल, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. पत्नी खुर्चीत ओठ किंचित उघडे ठेवून वाट पाहत होती. तेव्हा मीच म्हणू लागलो. तिने मान हलवून नकार दिला. माझा आवाज तिने संसारात पुरेसा ऐकला असावा.

सेवेच्या तक्रार-कक्षाला लिहिले. उत्तर क्षणात आले : ‘आपल्या भावना आम्ही समजू शकतो.’ ते एका यंत्राने लिहिले होते. इकडे आठवडाभरात पत्नीचा अर्धा श्लोक पाव झाला आणि पंधरवड्यात पहिला शब्दही उमटेना.

दौंडच्या रेल्वे वसाहतीत माझे एक जुने स्नेही राहतात. सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. एस.टी.ने त्यांच्याकडे गेलो. सगळे ऐकून ते हसलेच.

“गुरुजी, भाड्याचं घर होतं ते. मालकानं कुलूप लावलं, आता रडून काय?”

“आप्पा, आम्ही दरमहा पैसे भरत होतो.”

“भाडेकरूबी भरतोच की! आन् तुमच्या त्या दोन ट्रंका?”

मी बादलीची हकीकत सांगितली.

“व्हय? मग पोथ्या कवा देताय रद्दीत?”

मी नजर भिंतीकडे वळवली. आप्पांच्या भिंतीला छतापर्यंत कॅसेटी होत्या. बुद्धवंदनेच्या शेजारी शाहिरी, नाट्यपदे, आणि त्यांत आमचे स्तोत्र. मी आश्चर्याने पाहिले. ते म्हणाले, “तुमचा देव मला पटत न्हाई. पण ह्या म्हाताऱ्याचा आवाज पटतो.” परंपरेचे जतन करावे कसे, हे मी शिक्षक म्हणून वर्षानुवर्षे वर्गात समजावून सांगितले, केले मात्र त्यांनी.

एका कचेरीने मोडीत काढलेला संगणक त्यांनी दुरुस्त केला आणि त्यात कॅसेटी उतरवल्या. तासाभराची कॅसेट उतरायला तासभरच लागतो, हे मला फार आवडले. मग शिरूरला येऊन त्यांनी तो डबा देवघराशेजारच्या कोनाड्यात बसवला. “हे आता तुमचं. इंटरनेट गेलं तरी वाजंल. कुणाच्या बापाला इचारायला नको.” तिसऱ्या दिवशी पत्नीने पहिला शब्द उचलला. नवरात्र बसेपर्यंत ती पूर्ण श्लोक म्हणू लागली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी रांजणगावच्या कारखान्यांतही यंत्रांना हार घालतात. मग ज्या यंत्राने घरात वाणी परत आणली ते अपूज्य कसे? स्तोत्र चालू असतानाच मी त्याची यथासांग पूजा केली. हळद-कुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, पळीभर पाण्याने प्रोक्षण केले. डब्याच्या पाठीला जाळी आहे आणि जाळीच्या आत पंखा फिरतो, हे पूजाविधीत कोठे सांगितलेले नाही. आतून करकर झाली, जळका वास आला आणि आवाज चरणाच्या मध्यावर तुटला.

हातात पळी घेऊन मी तसाच उभा राहिलो. आता पुन्हा सगळे गेले, एवढेच मनात होते. तेवढ्यात मागून उरलेला चरण ऐकू आला. संथ, अडखळत, पण पूर्ण. मी वळलो. पत्नी माझ्याकडे टक लावून पाहत होती. आजारानंतर प्रथमच, स्तोत्रात नसलेला शब्द तिने उच्चारला.

“वेडे...” तिने श्वास घेतला. “वेडे आहात.” आणि बऱ्याच वेळाने, “पाणी... कोण... घालतं?”

मी दौंडला फोन लावला. आप्पा आधी पोटभर हसले. मग म्हणाले, “कॅसेट हाय माझ्याकडं, घाबरू नका. आन् वैनींना म्हणावं, बोलत ऱ्हावा.”

आप्पांनी येऊन डबा उघडला, तेव्हा पंख्यातून मूठभर तांदूळ निघाले आणि डबा पुन्हा चालू झाला. रोज सकाळी स्तोत्र होते. ते संपले की पत्नी आपले बोलू लागते आणि विषय बहुधा मीच असतो. काल जेवताना तिने न अडखळता सांगितले, “वरण अळणी झालंय.” मी मीठ आणायला उठलो.