दार आतूनही उघडतं

आर्डेला पिंकनी शाळेसाठी मुलं गोळा करायला कुणाच्या घरी जात नसे. घरचं दार तोंडावर लावून घेता येतं, असं ती म्हणायची. ती शनिवारी सकाळी हार्पर रस्त्यावरच्या कपडे धुण्याच्या दुकानात जायची. तिथं मशीनमध्ये नाणी टाकली की बाई अडकते. कपडे वाळून बाहेर येईपर्यंत तिला हलता येत नाही. आर्डेला जवळ जाऊन चादरीचं दुसरं टोक धरायची. मोठी चादर एकटीला नीट घडी करता येत नाही. पहिल्या चादरीला मुलांची नावं निघायची, दुसरीला जुन्या शाळेचं रडगाणं. तिसरीला ती आई स्वतःच विचारायची, "तुमच्याकडं चौथीला कोण आहे?"

आमच्या डेट्रॉइटच्या पूर्व भागात शाळा ढीगभर आहेत, शिक्षक नाहीत. पैसा सरकारचा, चालवणार खासगी कंपनी, अशा या शाळा. एक जुन्या चर्चमागं उघडते, दुसरी बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात, आणि दोन वर्षांनी दोन्हींना कुलूप. त्यामुळे आमच्याकडं कुणी शाळेचं नाव विचारत नाही. शिक्षकाचं विचारतात.

मी एकतीस वर्षं मोटारींच्या एक्सलच्या कारखान्यात काढली. कामाच्या रांगेत आर्डेला माझ्या अलीकडच्या जागेवर उभी असायची. तिच्या हातून आलेला भाग मी कधी परत तपासला नाही. कुणाबद्दल यापेक्षा मोठं काही मला सांगता येत नाही.

कारखाना गेला, तशी ती अशाच एका शाळेच्या ऑफिसात लागली. फोन, हजेरी, किल्ल्या, नाकातून रक्त आलेली पोरं, सकाळी गाड्यांची दारं उघडून मुलांना उतरवून घेणं, आणि शनिवारी चादरी. तिच्यासमोर चार मुख्याध्यापक आले आणि गेले.

त्या वर्षी तिनं सगळ्या आयांना एकच सांगितलं होतं. चौथीला मिस्टर फेंट्रेस आहेत. माणूस चांगला होता. तिच्या शब्दावर कितीतरी मुलं चौथीत आली. माझी नात रेनिटा त्यात होती, आर्डेलाची नात टामियाही.

सप्टेंबर संपता संपता फेंट्रेसला शहराबाहेरच्या शाळेनं जास्त पगार दिला. तो जेवणाच्या सुट्टीत आपल्या सामानाचं खोकं उचलून गेला. पगारासाठी मीही गेलो असतो. जेवणाच्या सुट्टीत नसतो गेलो. माणूस पाळी संपवून जातो.

दुसऱ्या दिवसापासून चौथीला आर्डेला. शिक्षक मिळेपर्यंत ऑफिसातलं माणूस वर्गावर उभं करायची परवानगी निघते, ती काढली होती. तिसऱ्या संध्याकाळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. पाय सुजले होते.

"पोरं गप्प बसतात ना?" मी विचारलं.

"माझ्यापुढं कोण बोलतंय! पण गप्प बसणं म्हणजे शिकणं नाही, क्लेटन. मला अपूर्णांक येतात ते केकपुरते."

"मग तेच शिकव."

"पाव वाटी साखरेवर पोर पाचवीत जाईल?"

रेनिटा तीन दिवस तेच पान घेऊन घरी येत होती.

शिक्षिका मिळत नव्हती असंही नाही. मिस ब्रीलंड म्हणून एक होती, बारा वर्षं शिकवलेली, मॅक रस्त्याच्या पलीकडं राहणारी. ती येऊन वर्ग बघून गेली. पोरांना आवडली. पण तिला दोनदा अशाच शाळांनी ऑगस्टमध्ये घेऊन ऑक्टोबरात घरी पाठवलं होतं. कारण ऑक्टोबरात गणती होते. पहिल्या बुधवारी जेवढी मुलं वर्गात बसलेली, तेवढ्यांचे पैसे सरकार वर्षभर देतं. मुलं कमी भरली की शिक्षक कमी. म्हणून ब्रीलंड म्हणाली, आधी करार, मग मी. कंपनी म्हणाली, आधी गणती, मग करार. आणि चौथीच्या आया म्हणू लागल्या, आधी शिक्षक, मग आमची मुलं. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत उभा. कारखान्यात अशानं सगळं काम बंद पडायचं.

गणतीच्या आदल्या दिवशी मी रेनिटाला न्यायला लवकर गेलो आणि ऑफिसच्या बाकावर बसलो. आर्डेला चौथीच्या पोरांना ओळीत लावून किल्ल्या घ्यायला आली होती. आतून मुख्याध्यापक मिस्टर विटलो बाहेर आले. तरुण माणूस, बूट चकचकीत, झोप नसलेले डोळे. त्यांच्याही मानगुटीवर कंपनी बसलेली होती, ते दिसत होतं.

"मिस पिंकनी, आज पालक विचारतील. सांगा, मिस ब्रीलंड सोमवारपासून येतायत."

"सही झाली?"

"झाल्यातच जमा आहे."

"म्हणजे नाही झाली."

"गणती नीट झाली की होईल. तुम्ही सांगितलं तर मुलं थांबतील, मुलं थांबली तर पैसे येतील, पैसे आले तर ती येईल. खोटं कुठं आहे यात?"

"आणि चार मुलं कमी भरली तर?"

विटलोंनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"मला हा वर्ग वाचवायचाय," ते म्हणाले. खरंच म्हणत होते.

"मलाही," आर्डेला म्हणाली, आणि गाड्यांकडं गेली.

शाळा सुटताना आमच्याकडं गाड्यांची एकेरी रांग लागते. अरुंद गल्ली, एका बाजूनं आत, दुसरीकडून बाहेर, मध्ये वळायला जागा नाही. रांगेत पुढं क्विंटेला मॉस होती. इस्पितळात रात्रपाळी करते, अंगावर तोच निळा पोशाख. तिनं काच खाली केली.

"मिस आर्डेला, धुलाईच्या दुकानात तुम्ही मला काय बोलला होतात?"

"फेंट्रेस आहेत, म्हणाले होते."

"कुठं आहेत?"

"गेले."

"मग दुसरं कोण येतंय? खरं सांगा. नाहीतर पोराला उद्या त्याची मामी असते त्या शाळेत नेते."

आर्डेलानं गाडीच्या टपावर हात ठेवला. "ब्रीलंड यायला तयार आहे. सही झालेली नाही. कंपनी गणतीआधी सही करणार नाही. एवढंच मला माहीत आहे."

मागच्या गाडीतून लमार गॅस्किन उतरून आला. बस दुरुस्त करतो, दोन्ही जुळे चौथीत. "आणि गणतीनंतर?"

"गणतीनंतर तुम्हाला कुणी काही विचारणार नाही, मिस्टर गॅस्किन."

"म्हणजे आमची किंमत उद्या सकाळपर्यंत."

आर्डेला पुढच्या गाडीकडं गेली. बाकीचं ती बोलली नाही. त्या रात्री फोन कुणी कुणाला केले, मी सांगणार नाही. मला दोन आले, मी तीन केले.

बुधवारी सकाळी थंडी होती. शाळेनं दारावर फुगे बांधले होते, टेबलावर डोनटची खोकी मांडली होती. गणतीच्या दिवशी सगळ्याच शाळा पोरांना असं गोड दाखवतात. क्विंटेला सगळ्यांत पुढं येऊन थांबली. तिच्यामागं गॅस्किन, मग चौथीच्या आणखी गाड्या, त्यांत माझी. एकही दार उघडलं नाही.

एकेरी गल्ली. पुढचा थांबला की मागचे सगळे थांबले. मागून भोंगे सुरू झाले. तिसरीतल्या एका मुलीचा बाप तावातावानं पुढं आला. "अरे, काय चाललंय? मला कामावर जायचंय!"

गॅस्किननं त्याला दोन वाक्यांत सांगितलं. ब्रीलंडची सही झालेली नाही. ती होईपर्यंत एकही पोर उतरणार नाही. त्या माणसानं मागच्या रांगेकडं पाहिलं. "आमच्याकडं शाळा उघडल्यापासून गणिताला कुणी नाही," म्हणाला. परत गाडीत जाऊन त्यानं इंजिन बंद केलं. भोंगे एकेक करून थांबले.

विटलो डोनटचं खोकं घेऊन गाड्यांपाशी फिरले. कुणी काच खाली केली नाही. गॅस्किनच्या जुळ्यांची नाकं काचेला चिकटली होती. "बाबा, चॉकलेटवाला आहे," असं एक ओरडलं, ते मला मागच्या गाडीतही ऐकू आलं. "तोंड बंद," गॅस्किन म्हणाला. "चॉकलेटवर विकला जाणार का तू?"

दहाला हजेरी बंद होणार होती. साडेआठ होऊन गेले होते.

मी गाडीतून उतरून पुढं गेलो होतो, तेवढ्यात विटलो आर्डेलाकडं आले. ती रोजच्या जागी, फुटपाथच्या कडेला उभी होती. टामिया पायऱ्यांवर दप्तर घेऊन बसली होती. ती आजीबरोबर चालत येते.

"दारं उघडा, मिस पिंकनी. तुम्ही उघडलंत तर उतरतील."

ते खरं होतं. सगळ्यांना माहीत होतं. क्विंटेलानं काच बोटभर खाली केली. रात्रभर जागलेला आवाज. "मिस आर्डेला, तुम्ही म्हणालात तर सोडते मी पोराला. तुम्ही म्हणा फक्त."

आर्डेलाचा हात त्या दाराच्या मुठीवर होता. सवयीनं गेला असेल. मी बघत होतो. कारखान्यात एक तांबडं बटण होतं, ते दाबलं की सगळी रांग थांबायची. दाबणाऱ्याला नंतर ऑफिसात बोलवायचे. तिला ते बटण दाबताना मी एकदाच पाहिलं होतं.

"हे तुमचं काम आहे," विटलो हळू म्हणाले. "दार उघडणं. मी वर काय सांगू?"

तिनं हात मुठीवरून काढला. "दार आतूनही उघडतं, मिस्टर विटलो."

मग ती पायऱ्यांकडं गेली. टामियाचा हात धरला. रांगेच्या कडेनं, एकेका काचेसमोरून, तिला माझ्या गाडीपर्यंत घेऊन आली. मागचं दार उघडून तिला रेनिटाशेजारी बसवलं, पट्टा लावला, दार लावलं.

"आजी, मी आजारी आहे का?" पट्टा लावताना टामियानं विचारलं होतं.

"नाही. तू सगळ्यांबरोबर बसलेली आहेस."

सगळ्या रांगेनं ते पाहिलं. क्विंटेलाची काच वर गेली.

विटलो फोन घेऊन आत गेले. बाहेर आले, परत आत गेले. आमच्या काचांवर वाफ धरली. पोरांना लघवीला लागली. गॅस्किननं एकेकाला कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर नेऊन आणलं, शाळेत जाऊ दिलं नाही. नऊ वाजून गेले. मागं दोन गाड्यांनी उलटं निघायचा प्रयत्न केला. एक निघाली. तिच्यात पहिलीतली दोघं होती. आर्डेला ती गाडी वळेपर्यंत बघत राहिली. ती मुलं तिनंच आणलेली होती.

साडेनऊच्या सुमारास, विटलोंनी फोन करून बोलावलेली मिस ब्रीलंड बसमधून उतरली. विटलो कागद घेऊन बाहेर आले, तिला आत या म्हणाले.

"सही इथंच," गॅस्किन म्हणाला. "आमच्या डोळ्यांसमोर."

क्विंटेलाच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. ब्रीलंडनं चष्मा लावला आणि वाचायला लागली. पहिलं पान. दुसरं पान. विटलोंनी घड्याळ पाहिलं, तसं सगळ्यांनी पाहिलं.

"मिस ब्रीलंड, दहाला..." विटलो म्हणाले.

"सावकाश वाचा," आर्डेला म्हणाली. "मुलं कुठं जात नाहीत."

तिसऱ्या पानावर ब्रीलंडचं बोट थांबलं. "मुलांची संख्या कमी भरल्यास नेमणूक आपोआप रद्द," तिनं मोठ्यानं वाचलं. टोपण काढलेलं पेन तिनं पुन्हा बंद केलं. "हे मी दोनदा वाचलंय याआधी. दोनदा सहीही केली. ही ओळ काढा."

"तो अधिकार मला नाही."

"मग ज्याला आहे त्याला विचारा."

विटलोंनी तिथंच, बॉनेटशेजारी उभं राहून फोन लावला. पलीकडचा माणूस मोठ्यानं बोलत होता, आम्हाला शब्द कळत नव्हते. विटलो एकदा म्हणाले, "रांग कोपऱ्यापर्यंत आहे, सर." पुन्हा म्हणाले, "नाही सर, एकही मूल आत नाही." मग बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी फोन खिशात टाकून त्यांनी पेन मागितलं. त्यांनी ती ओळ खोडली आणि शेजारी आपल्या नावाची आद्याक्षरं घातली. ब्रीलंडनं ती खोडलेली ओळ परत वाचली, आणि सही केली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. क्विंटेलाच्या मुलानं आतून दार उघडलं. मग जुळ्यांनी. मग मागं कोपऱ्यापर्यंत दारं आपटत गेली. आर्डेला धावत आत गेली. हजेरी तिलाच घ्यायची होती.

ब्रीलंड त्या वर्षी जूनपर्यंत, शाळेचं वर्ष संपेपर्यंत राहिली. रेनिटा अपूर्णांक करते. केकशिवाय.

गणती अपेक्षेपेक्षा थोडी कमी भरली. करारातली ओळ खोडलेली होती, त्यामुळे चौथीला हात लावता येईना. नोव्हेंबरात कंपनीनं आर्डेलाची ऑफिसातली जागा कमी केली. कारण पटसंख्या, असं सांगितलं. विटलो तिला हे सांगताना खाली बघत होते, म्हणे. दुपार होती. तिनं शेवटच्या मुलाला गाडीत बसवलं, किल्ल्या ओळीनं लावल्या, मग गेली.

"चुकलं का काही?" मी तिला त्या संध्याकाळी विचारलं.

"मला पगार हवा होता, क्लेटन. चुकलं की नाही ते भाड्याच्या तारखेला विचार."

जानेवारीत एका शनिवारी माझं मशीन बिघडलं म्हणून मी हार्परच्या दुकानात गेलो. आर्डेला तिथं होती, स्वतःचे कपडे घेऊन. मी तिच्या चादरीचं टोक धरलं.

"कोपरा धर, मध्ये नको," ती म्हणाली.

तेवढ्यात शाळेनं कामाला ठेवलेला एक नवा मुलगा आत आला. हातात रंगीत कागद, गळ्यात ओळखपत्र. पुढच्या वर्षासाठी नावं घ्यायला त्याला पाठवलं होतं. त्यानं एका बाईपुढं कागद धरला. बाईनं कागद घेतला नाही. तिनं त्याच्या खांद्यावरून आर्डेलाकडं पाहिलं.

"मिस आर्डेला, चौथीला शिक्षक आहे?"

"आहे. ब्रीलंड. सही मी पाहिलीय."

मुलाचा चेहरा खुलला.

"आणि पाचवीला?" बाईनं विचारलं. "माझा मोठा पाचवीत जाईल."

आर्डेलानं चादरीची शेवटची घडी घातली आणि हातानं दाबली. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि त्या मुलाकडं वळली. "तुला माहीत आहे?"

मुलगा कागद उलटून बघायला लागला. दुकानातल्या सगळ्या बायका त्याच्याकडं बघत होत्या. मशीनं फिरत होती. कुणालाच जायची घाई नव्हती.