सायलेन्सरमागचा गोड वास

काल ओट्यावर दूध करपलं. घरभर वास सुटला, आणि बाबा तिथेच खुर्चीत निवांत पेपर वाचत होते.

"तुम्हाला वास नाही आला?"

"मले कुठचा येते? तरुणपणापासूनच येत नाही," ते पान उलटत म्हणाले.

मला एकदम आमची जुनी व्हॅन आठवली. मी तेव्हा लहान होते. अकोल्याला ताईची नोकरीची मुलाखत होती, म्हणून आई-बाबा, ताई आणि मी असे सगळेच निघालो होतो. वरूड सोडलं आणि गाडीमागून पांढरा धूर निघू लागला. हिवाळ्याची सकाळ होती, त्यामुळे ती नुसती वाफही असू शकत होती. बाबांनी गाडी थांबवली, सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरला आणि मला हाक मारली.

"घे वास. कसा येऊन राहिला?"

रुमाल कोमट, ओलसर होता. मी नाकाशी नेला. गुळाचा पाक उकळावा तसा वास होता.

"गोड."

"पक्कं?"

मी मान हलवली.

"मंग कूलंट इंजिनात जाऊन राहिलं. इंजिन थंड ठेवाचं पाणी ते, जळलं का गोड वास येते. अशीच हाकली तं इंजिन जाईन." त्यांनी चावी काढून खिशात टाकली आणि ताईला एसटीत बसवायला रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

आई वैतागली. "एवढ्याशा पोरीच्या सांगण्यावर गाडी काहून बंद करता?"

"तिचं नाक माह्याहून चांगलं हाय."

हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं मिरवलं. काल करपलेलं पातेलं घासताना कळलं, बाबा कौतुक करत नव्हते. खरं तेच सांगत होते.